घागरडोहाचं पान

बबनभाऊंनी आयुष्यात एकही माणूस वाचवला नाही. हे मी म्हणत नाही. ते स्वतःच म्हणायचे, आणि एकदा तर भर सत्कारात म्हणाले.

लोणावळ्याजवळच्या औंढे गावाच्या वरच्या ओढ्यात, भुशीच्या पलीकडच्या धबधब्यांखाली किंवा तिकडे तिकोणा पेठेच्या बाजूला धरणाच्या पाण्यात कुणी बुडालं की पोलीस पहिला फोन भाऊंना करत. कमरेला दोर बांधून ते उतरत आणि बुडालेल्याला घेऊन वर येत. एका वर्षी पावसाळा सरल्यावर लोणावळ्यातल्या एका मंडळाने त्यांना शाल-नारळ दिला. मी मागच्या रांगेत बसले होते. सूत्रसंचालकाने "पर्यटकांचे प्राणदाते" असं म्हणून माइक त्यांच्यापुढे धरला.

भाऊ म्हणाले, "प्राणदाता कोन? मी काढतो. वाचिवनारा येगळा असतो. मी पोचतो तवा मानूस गेलेलाच असतो."

कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मध्येच हात आवरले. भाऊंनी शालीची घडी काखेत मारली, नारळ तिथल्या टेबलावरच ठेवला आणि पायऱ्या उतरून चालू लागले.

त्यानंतर आठवड्याभराने ते माझ्या क्लासात आले. स्टेशनजवळ एका बेकरीच्या वर माझा संगणकाचा क्लास आहे. आठ मशीन, सरकारी परीक्षेची तयारी करणारी मुलं, टायपिंग शिकायला येणाऱ्या बायका. भाऊंनी चपला दाराबाहेर भिंतीला लावून ठेवल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाले,

"मॅडम, येबसाइट शिकायचीय."

"कुणाला?"

"मला."

तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती. रेल्वेत कीमन म्हणून निवृत्त झालेले. कीमन म्हणजे रोज ठरलेल्या पट्ट्यात रुळांवरून पायी चालत जाऊन, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या की हातातल्या हातोड्याने ठोकून बसवणारा माणूस. घाटात इतकी वर्षं खाली बघत चालल्यामुळे त्यांची मान किंचित पुढे झुकलेली होती. डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं.

मी म्हटलं, "भाऊ, वेबसाइट कशाला? फेसबुकवर टाका, चार लोक वाचतील."

"टाकलंतं. आयतवारी टाकलं, बुधवारी हुडकायला गेलो तर घावंना. लोकांच्या वाढदिवसांखाली दबून गेलं. मला हलनारं नको. पाटी रोवल्यावानी पायजे. कुटला डोह, तळाला काय, पानी कसं चढतं. यायच्या आधी वाचलं तर एखादा येनार न्हाई."

मी एका दिवसात करून देते म्हटलं. त्यांनी मान हलवली. "तुमी केली तर ती तुमची. उद्या दरड पडली, डोहाचा तळ बदलला, तर मी तुमच्या दारात येऊन बसू व्हय? माझ्या हातानं बदलता आली पायजे."

असे ते माझे सगळ्यात वयस्कर विद्यार्थी झाले. दाराजवळचं मशीन त्यांनी धरलं, कारण तिथून खिडकी दिसायची आणि खिडकीतून डोंगर. उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करत. वेबसाइटच्या मजकुरात प्रत्येक खूण, म्हणजे टॅग, उघडली की तीच खूण मिटवावीही लागते, हे सांगितल्यावर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. "फाटकावानी," ते म्हणाले. "उघडं ऱ्हायलं का घात." कॉलेजची मुलं खुणा मिटवायला विसरत आणि पान वेडंवाकडं दिसलं की मला हाका मारत. भाऊंचं एकही फाटक कधी उघडं राहिलं नाही.

त्यांनी लिहिलेलं पहिलं पान मला चांगलं आठवतं. 'इथे उतरू नका' एवढीच ओळ. पान उघडलं तर पडद्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. भाऊ बराच वेळ बघत राहिले.

"माजी भाषा येत न्हाई व्हय याला?"

मी त्यांना वरती घालायची एक ओळ दाखवली, कुठल्या लिपीतली अक्षरं आहेत ते मशीनला सांगणारी. ती घातल्यावर मराठी नीट दिसू लागलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेल्या वहीत त्यांनी ती ओळ उतरवून घेतली आणि खाली लिहिलं, 'ही डोक्यावर पाहिजेच. नाहीतर मशीन मुके.'

बोलताना ते मावळातलंच बोलत, पण पानावर जायचं ते शुद्धच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. प्रत्येक वाक्य मला दाखवत. 'न्हाई'चं 'नाही' झालं की नाही, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे की नाही. मी एकदा म्हटलं, इतकं कशाला, लोकांना कळलं म्हणजे झालं. ते म्हणाले, "भाषेला हसले का मंग पान्याला बी हसत्याल."

लिहिण्याची त्यांची तऱ्हा कीमनच्या नोंदीसारखी होती. एका धबधब्याच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं: 'दगडाला शेवाळ आहे. चप्पल घसरते. बूटही घसरतो. पाणी वरून कमी दिसते. डोंगरावर पाऊस झाला तर इथे ऊन असले तरी पाणी चढते. चढताना आवाज बदलतो. आवाज बदलल्यावर पळायला वेळ नसतो.' मी यात एकही शब्द बदलला नाही.

क्लास चालू असताना त्यांचा फोन वाजला की मुलींची बोटं आपोआप थांबायची. भाऊ आधी नुसतं फोनकडे बघत, मग उचलत. "कुटं? किती जन?" एवढंच विचारत. फोन ठेवून हातातली ओळ पूर्ण करत, खूण मिटवत, फाइल सेव्ह करत आणि मग उठत. एकदा मला राहवलं नाही. "भाऊ, जा तुम्ही, मी करते सेव्ह."

ते म्हणाले, "आता घाई कुनासाटी?"

त्यांच्या बायकोला, शांतामावशींना, मी पुढे ओळखू लागले. त्या सांगायच्या, कुणाला काढलं की त्या दिवशी हे घरात येत नाहीत. मागल्या दारी दगडावर बसतात. मावशी कढत पाणी ओततात. रात्रीचं जेवण नाही, फक्त कोरा चहा. आणि हवालदारांकडून मी ऐकलं होतं की पाण्यातून वर येताना भाऊ त्या माणसाशी बोलतात. "चल बाबा. घरी वाट बघत्यात." कधी बाई असली तर, "चल माय."

फोटोची कल्पना माझी. ती माझीच होती, हे इथे स्वच्छ सांगितलं पाहिजे.

उन्हाळ्यात ओढे आटतात तेव्हा डोहांचे तळ उघडे पडतात. मी म्हटलं, पावसाळ्यात वर पांढरं पाणीच दिसतं. खाली काय आहे ते लोकांना दाखवायचं असेल तर कोरड्या डोहाचे फोटो काढू. भाऊंना ते एकदम पटलं. मे महिन्यात आम्ही एकेक ठिकाण करत गेलो. शेवटचा घागरडोह. औंढ्याच्या वर, ओढ्याच्या काठाने तासभर चढ. तिथे गुराख्यांशिवाय कुणी जात नसे.

नाव अगदी बरोबर आहे. कातळात वर अरुंद तोंड आणि आत घागरीसारखं पोट. एका बाजूने दगड तुटलेला, तिथून भाऊ पाठीवरून घसरत तळाशी उतरले. आतून त्यांनी मला पोटाच्या कडेची कपार दाखवली. "पानी मान्साला खाली नेतं आन् हितं सारतं. वर तोंड कुटं हाय ते आतून कळत न्हाई. मान्सं छताला हात लावीत बसत्यात."

मी म्हटलं, "इथे कुणी बुडालं होतं का?"

"माजा धाकला भाऊ."

ते कपारीकडेच बघत होते. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर बौद्धवाड्यातल्या पोरांना पोहू देत नसत, म्हणून ती पोरं ओढ्यात पोहायला शिकली. धाकटा नऊ वर्षांचा, भाऊ बाराचे. बापाने वरून दोर धरला आणि भाऊंना आत सोडलं. "पयला मी त्यालाच काढला," ते म्हणाले आणि शर्टाला लागलेली माती झटकू लागले.

मी वरून फोटो काढला. नुसता खड्डा फोटोत सपाट दिसत होता. मीच म्हटलं, "भाऊ, तुम्ही मध्ये उभे राहा आणि हात वर करा. हात काठाला पोचत नाही हे दिसलं की खोली कळेल." ते उभे राहिले. पांढरा सदरा, तोंडावर ऊन, उजवा हात सरळ वर. बोटांपासून काठापर्यंत आणखी एक माणूस मावला असता. फोटो छान आला. घरी येऊन मी तो पुन्हा पुन्हा बघितला, इतका तो मला आवडला होता.

जूनमध्ये वेबसाइट सुरू झाली. आठ पानं होती. प्रत्येक पानावर वर फोटो, त्याखाली नकाशा, कारण कुणी अडकलं तर मदतीला येणाऱ्यांना वाट सापडावी, आणि त्याखाली भाऊंचा मजकूर. सगळं जगाला दिसू लागल्यावर भाऊंनी विचारलं, "आता हे हाय कुटं?"

"दूर कुठेतरी एका मोठ्या मशीनवर."

"तितं पाऊस पडतो का?"

मला हसू आलं. तेही हसले. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

वेबसाइटचा पत्ता मोठ्या अक्षरांत छापून त्यांनी भुशीच्या रस्त्यावरच्या टपऱ्यांना कागद चिकटवले. दुसऱ्या दिवशी निम्मे फाडलेले होते. एका टपरीवाल्याने तोंडावरच सांगितलं, "भाऊ, धंद्याच्या टायमाला मढ्याच्या गोष्टी कशापायी?" भाऊंनी वाद घातला नाही. फाटलेले कागद गोळा केले आणि दुसरे घेऊन गेले.

पहिल्या पावसाळ्यात वेबसाइटवर कुणी फारसं फिरकलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात अचानक माणसं येऊ लागली. किती लोकांनी पान उघडलं ते बघायला मी त्यांना शिकवलं होतं, आणि ते रोज सकाळी बघत. एक दिवस जिना चढून धापा टाकत आले. "मॅडम, लोक वाचाया लागलं!" सगळी गर्दी घागरडोहाच्या पानावर होती. जिथे कुणीच जात नाही त्या डोहाचं पान लोक का बघतात, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. आम्ही खालच्या बेकरीतून खारी आणून खाल्ली.

जुलैतल्या एका रविवारी दुपारी भाऊंना फोन आला. जागा ऐकून ते म्हणे दोनदा "कुटं?" म्हणाले. पुढचं मला त्यांनी आणि हवालदारांनी वेगवेगळं सांगितलं. दोघांचं सांगणं सारखंच होतं.

चिंचवडकडची पाच मुलं होती, विशी-पंचविशीची. त्यातला तुषार नावाचा मुलगा डोहात उतरला तो वर आला नाही. भाऊंना शोधावं लागलं नाही. ते सरळ कपारीकडे गेले. त्याला काठावर ठेवून, दोर सोडून ते दगडावर बसले. चारही मित्र टॉवेल गुंडाळून थरथरत उभे होते. हवालदार विचारत होते, "अरे, ही जागा गावातल्या लोकांना धड माहीत न्हाई. तुमी हितं आलात कसे?"

एकाने फोन पुढे केला. पडद्यावर जपून ठेवलेला फोटो होता आणि त्याखाली नकाशा. बाकी काही नव्हतं. कुठल्याशा भटकंतीवाल्याने 'गर्दी नसलेले कुंड' म्हणून तो उचलून पसरवला होता, आणि तुषारने तो ग्रुपवर टाकला होता.

हवालदारांनी फोनकडे बघितलं, मग भाऊंकडे. "भाऊ, हे तर तुमीच."

तो मुलगा रडत म्हणाला, "काका आत उभे आहेत ना यात. आम्हाला वाटलं, उभं राहण्याइतकंच पाणी असेल."

दुसऱ्या दिवशी भाऊ क्लासात आले. मुलं होती म्हणून आपल्या मशीनपाशी बसून राहिले. सगळी गेल्यावर त्यांनी ते पान उघडलं आणि मला बोलावलं.

"मॅडम, ह्यो फोटो तुमाला कसा दिसतो?"

मी सांगायला लागले, खोली कळावी म्हणून आपण...

"तसं नगं. पोरावानी बगा. काय ठावं नसलेल्या पोरावानी."

मी बघितलं. उन्हात सुंदर गोल कातळ. मध्ये एक म्हातारा आरामात उभा. हात वर.

"बोलावतोय," भाऊ म्हणाले. "या म्हनतोय."

मला दिसलं ते. त्यानंतर मला त्या फोटोत दुसरं काही दिसलेलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, कल्पना माझी होती."

"हुबा मी होतो."

त्यांनी स्वतःच्या हाताने पानावरून फोटो काढून टाकला, नकाशा काढून टाकला, पान पुन्हा चढवलं. मग म्हणाले, "आता गेला ना समद्या ठिकानचा?" मला त्यांना सांगावं लागलं की नाही. शोधून दाखवलं. सात-आठ ठिकाणी तोच फोटो होता. कुठे रंग गडद केलेले, कुठे वर बदामाचं चित्र, एका ठिकाणी भाऊंच्या डोक्यावर 'स्वर्ग' असं लिहिलेलं.

पुढचे दोन महिने ते रोज येऊन पत्रं लिहीत. ईमेल कसं करायचं ते त्यांनी त्यासाठीच शिकून घेतलं. मजकूर एकच: 'हा फोटो माझा आहे. यातील माणूस मी आहे. हा फोटो बघून एक मुलगा पाण्यात उतरला आणि मेला. कृपया काढावा.' दोघांनी काढला. एकाने उत्तर पाठवलं, 'काका, भारी लोकेशन! अजून असे स्पॉट असतील तर सांगा.' भाऊंनी ते उत्तर वहीत उतरवून घेतलं. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

तुषारच्या वडिलांचा, घरी भेटायला येतो म्हणून, फोन आला तेव्हा भाऊ मला म्हणाले, "मॅडम, तुमी बी या. येबसाइटचं इचारलं तर मला धड सांगता येनार न्हाई." मी औंढ्याला भाऊंच्या घरी गेले. वडील कारखान्यात काम करणारे, पन्नाशीचे, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातलेले. शांतामावशींनी चहा ठेवला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"तो कसा होता? तुम्ही काढलंत तेव्हा?"

"निळा टी-शर्ट व्हता. उजव्या पायात बूट. डावा पाय उघडा. तोंडावर खरचटलं न्हवतं."

"डावा बूट आम्हाला मिळाला नाही."

"व्हय. तो वर आला न्हाई."

मग भाऊंनी स्वतःहून सांगितलं, "फोटोतला मानूस मी हाय. तुमास्नी कुनी सांगितलं नसंल तर मी सांगतो."

वडिलांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "हात का वर केलाय?"

"माप दावाया."

"कशासाठी केलंत हे सगळं?"

"कुनी मरू नये म्हनून."

वडील मान हलवत राहिले. ती होकाराची नव्हती आणि नकाराचीही नव्हती. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं, फोटो मी काढला हे सांगायला, पण भाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि मी बोलले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं असं मला अजून वाटतं. वडील उठले. उंबऱ्यापाशी थांबून म्हणाले, "आता बंद करणार का ती वेबसाइट?"

"तुमी म्हनाल तसं."

"मला नका विचारू," ते म्हणाले. "मला कुणीच काही विचारू नका." आणि अंगणातून निघून गेले.

दिवाळीनंतर पाणी उतरलं तेव्हा भाऊ एकटे घागरडोहात उतरले. कपारीच्या गाळात हात घालून त्यांनी तो बूट शोधला, धुतला, उन्हात वाळवला आणि चिंचवडला नेऊन दिला. वडिलांनी दारातच तो घेतला. आत या म्हणाले नाहीत. भाऊंना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. "दिला," एवढंच मला म्हणाले.

वेबसाइट त्यांनी बंद केली नाही. पण आठही पानांवरचे फोटो आणि नकाशे काढून टाकले, जागांची नावंही. वाट कळेल असं एक अक्षर ठेवलं नाही. राहिला नुसता मजकूर. घागरडोहाच्या पानावरचा जुना मजकूर पुसून त्यांनी नवा लिहिला. त्यात फोटो कसा काढला, तो बघून कोण कसं उतरलं, कपारीत तो कसा होता, आणि त्याच्या वडिलांनी काय विचारलं, हे सगळं होतं. मुलाचं नाव नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, 'चूक माझी आहे.' मी म्हटलं, "भाऊ, हे वाक्य तरी काढा." ते म्हणाले, "शुद्ध हाय ना?" मी म्हटलं, शुद्ध आहे. "मंग ऱ्हाऊ द्या."

ते पान वाचायला जवळजवळ कुणी येत नसे. पुढे त्यांनी आकडा बघणंही सोडलं, आणि क्लासातही येईनासे झाले.

त्यानंतरचा पावसाळा त्यांचा शेवटचा. नंतरच्या थंडीत फुप्फुसं भरली आणि चार दिवसांत ते गेले. विहारातल्या माणसांनी अंगणात बुद्धवंदना म्हटली. हवालदार आले होते, कोपऱ्यात उभे होते. शांतामावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "त्यांचं ते पान हाय का अजून?" मी आहे म्हटलं. "मला वाचून दावा कधीतरी. मला त्यांनी कवा दावलंच न्हाई." अजून मी ते दाखवलेलं नाही. जाते, चहा घेते आणि परत येते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मात्र त्याआधी, त्या शेवटच्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका रविवारी. शनिवार-रविवार भाऊ घागरडोहाच्या वाटेवर जाऊन बसतात असं कळलं होतं, म्हणून मी सकाळी चढून गेले. ओढ्याच्या काठावर जिथे वाट फुटते तिथे एका दगडावर ते बसले होते. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पायात रबरी बूट, मांडीवर दोराचं वेटोळं. खोकत होते. मी म्हटलं, "भाऊ, या पावसात रोज?"

"रोज कुटं? दोन दिस."

तेवढ्यात खालून सहा-सात मुलं-मुली वर आली. भाऊ उठून वाटेत आडवे उभे राहिले. "म्होरं डोह हाय. गेल्या साली पोरगं गेलंय. मागं फिरा."

पोरं थांबली. पुढच्या मुलीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि ओरडली, "अय्या, हे तेच! फोटोतले काका! काका, तुम्हीच ना ते?"

मला वाटलं, भाऊ आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "व्हय. मीच."

"एक सेल्फी, प्लीज!"

"काढा. पन हितंच काढायचा. म्होरं जायचं न्हाई."

मुलं त्यांच्या दोन्ही बाजूंनी गोळा झाली. भाऊ ताठ उभे राहिले. तोंडावरून पाणी ओघळत होतं. कुणीतरी म्हणालं, काका, तसा हात वर करा ना. त्यांनी हात वर केला नाही. दोन्ही हात दोरावर घट्ट धरून ठेवले. फोटो झाले, पुन्हा झाले, एकेकट्याचेही झाले. मग ती मुलं एकमेकांना पडदे दाखवत, हसत, आल्या वाटेने खाली उतरायला लागली.

भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "सकाळपासनं तिसरी टोळी. फोटो भेटला का फिरत्यात मागं."

तेवढ्यात मागे राहिलेली दोन मुलं आमच्या बाजूच्या कारवीच्या झुडपांतून वाट काढून वर गेली. भाऊंना ती दिसली. "ए पोरांनो!" त्यांनी हाक मारली. मुलांनी हात हलवला आणि चालत राहिली.

भाऊंनी प्लास्टिकचा कागद दगडावर टाकला, दोर खांद्यावर घेतला आणि त्यांच्या मागे चढायला लागले. धाप लागत होती, तरी थांबत नव्हते. वरून त्यांचा आवाज येत होता. "थांबा रं... ऐका... थांबा..." मी दगडापाशी उभी होते. थोड्या वेळाने धुकं खाली आलं आणि ओढ्याच्या आवाजात हाक ऐकू येईनाशी झाली.

दुपारी ती दोन मुलं खाली आली, भिजलेली आणि चिडलेली. माझ्याकडे न बघता निघून गेली. त्यांच्या मागून भाऊ एकेक पाय सांभाळत उतरत होते.